एकच स्कोप रेंजवर आणि मचाणावर चालेल का?

आपण विचारले आहे की, इंदूरच्या रेंजवर .२२ रायफलने ५० मीटरवर आणि संधी मिळेल तेव्हा १०० ते २०० मीटरवर सराव करण्यासाठी आपणांस उत्तम प्रतीचा स्कोप (रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण) घ्यायचा आहे. जर्मनीत स्थायिक झालेल्या आणि तिथला शिकारीचा परवाना असलेल्या आपल्या मेहुण्यांनाही रानडुकराच्या शिकारीसाठी स्कोप हवा आहे. तेव्हा ५ ते २५ पटींचा, ५६ मिलिमीटर भिंगाचा एकच नमुना निवडून त्याचे दोन नग घ्यावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की, तसे करू नये. तो नमुना आपल्याला शोभेल. मेहुण्यांना मात्र तो जड, मंद आणि गैरसोयीचा वाटेल, आणि याचे कारण किमतीत नसून दोन्ही कामांच्या स्वभावात आहे.

प्रथम एक गोष्ट नोंदवतो, कारण नवे नेमबाज येथे हमखास गोंधळतात. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) जे कांस्यपदक मिळवले, ते भिंगाची दुर्बीण नसलेल्या पीप साइटवर. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातले ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर याच प्रकारात खेळतात, तेही तशाच साइटवर. त्यामुळे पुढे स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल, तर स्कोपवर मोठी रक्कम घालण्याआधी आपण कोणत्या प्रकारात खेळणार आहोत, हे प्रशिक्षकांशी बोलून ठरवावे. शिकारीपुरते सांगायचे, तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने ती निषिद्ध आहे आणि कलम ११ चे अपवाद मुख्य वन्यजीव संरक्षकांच्या अधिकारातले आहेत. राळामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह आजही उभी आहे, पण भोवतीचे रान आता अभयारण्य आहे, आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. म्हणून शिकारीच्या स्कोपविषयी खाली जे लिहितो, ते केवळ आपल्या मेहुण्यांसाठी आणि तिथल्या कायद्याच्या चौकटीत आहे.

आता मुख्य मुद्दा. स्कोप घेताना बहुतेक जण पट पाहतात, आणि २५ पट म्हणजे १० पटीपेक्षा अडीचपट चांगला, असा हिशेब मनात बसतो. प्रत्यक्षात आपल्या कामासाठी सर्वांत आधी पाहायला हवा तो पॅरॅलॅक्स. लक्ष्याची प्रतिमा आणि रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) एकाच प्रतलात नसतील, तर डोळा किंचित सरकला तरी रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसते. शिकारीचे पुष्कळ स्कोप कारखान्यातूनच १०० मीटरला बसवलेले असतात, म्हणजे त्याच अंतरावर हा दोष राहत नाही. असा ५० मिलिमीटर भिंगाचा स्कोप ५० मीटरवर वापरला, तर डोळा भिंगाच्या मधोमध नसताना होणारी चूक जास्तीत जास्त साडेबारा मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. (भिंगाच्या व्यासाच्या निम्म्याला, स्कोप बसवलेले अंतर आणि लक्ष्याचे अंतर यांच्यातील फरकाने गुणावे आणि बसवलेल्या अंतराने भागावे, इतका साधा हा हिशेब आहे.) ५० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे हात स्थिर, श्वास बरोबर, ट्रिगर स्वच्छ, आणि तरीही केवळ गाल बटवर, म्हणजे रायफलच्या मागच्या दस्त्यावर, जरा वेगळा टेकल्यामुळे गोळी दहाच्या बाहेर. रानडुकरावर मात्र १०० मीटरच्या आसपास ही चूक कोणाला जाणवणारही नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या चांगल्या स्कोपला पॅरॅलॅक्सचे चाक नव्हते. काही सकाळी ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाई, काही सकाळी तो तळहाताएवढा पसरे, आणि मी दोन हंगाम काडतुसे बदलत राहिलो. अखेर एका ज्येष्ठ नेमबाजांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायला लावली आणि तिला हात न लावता केवळ डोके वरखाली, डावीउजवीकडे हलवून पाहायला सांगितले. रेटिकल काळ्या वर्तुळावर चक्क फिरताना दिसले. ही चाचणी आपण दुकानातही करू शकता. तिला दोन मिनिटे लागतात. म्हणून आपल्या स्कोपला बाजूला पॅरॅलॅक्सचे चाक असावेच, आणि ते ५० मीटरच्या खाली २५ मीटरपर्यंत तरी उतरणारे असावे. चाकावर छापलेल्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. डोके हलवून रेटिकल स्थिर होईल ती जागा हीच खरी.

त्यापूर्वी एक छोटे काम करावे लागते, आणि पन्नाशीनंतर ते अधिकच महत्त्वाचे ठरते. डोळ्याकडच्या टोकाला रेटिकल स्पष्ट करणारे डायऑप्टर असते. स्कोप आकाशाकडे धरून क्षणभरच आत पाहावे, रेटिकल पहिल्या नजरेत रेखीव दिसेपर्यंत डायऑप्टर फिरवावे, आणि मग त्याला हात लावू नये. फार वेळ टक लावून पाहिल्यास डोळा स्वतः जुळवून घेतो आणि फसवणूक होते. चष्मा लावून नेम धरणार असाल, तर हे कामही चष्म्यासह करावे.

दुसरा मुद्दा क्लिकांचा, म्हणजे नेम वरखाली किंवा बाजूला सरकवणाऱ्या चाकाच्या एकेका टप्प्याचा. आपण मिलिरेडियन हे कोनाचे माप घ्यावे असे मी सुचवतो, कारण आपली रेंज मीटरमध्ये मोजलेली आहे: ०.१ मिलिरेडियनची एक क्लिक १०० मीटरवर बरोबर एक सेंटीमीटर, ५० मीटरवर अर्धा. पाव मिनिटाची (कोनाचे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर सुमारे सव्वासात मिलिमीटर पडते. ती अधिक बारीक आहे, पण मीटरच्या रेंजवर डोक्यात हिशेब करताना अडचण होते. साध्या वेगाच्या .२२ काडतुसाला ५० मीटरवर झिरो केले, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच पडेल असे बसवले, तर १०० मीटरवर गोळी सुमारे वीस सेंटीमीटर खाली पडते, म्हणजे वीस क्लिका वर. २०० मीटरसाठी आठ ते दहा मिलिरेडियन लागू शकतात. येथे ३४ मिलिमीटर नळीचा उपयोग होतो. जाड नळीने प्रकाश जास्त येतो हा समज चुकीचा आहे. तिच्यामुळे आत रेटिकलला वरखाली सरकायला जागा मिळते. सोबत २० मिनिटे (कोनाची) उताराचा रेल, म्हणजे स्कोप बसवायची पट्टी, घेतल्यास जवळजवळ सहा मिलिरेडियनची भर पडते.

क्लिका जितक्या फिरवाव्यात तितक्याच प्रत्यक्ष मोजल्या जातात की नाही, हीच महाग आणि स्वस्त स्कोपमधील खरी दरी आहे. ती तपासण्यासाठी १०० मीटरवर उंच कागद लावून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी, खालच्या बिंदूवर नेम धरून ग्रुप पाडावा, मग पाच मिलिरेडियन वर जाऊन त्याच बिंदूवर पुन्हा नेम धरावा. दुसरा ग्रुप पन्नास सेंटीमीटर वर आणि रेघेवरच पडला पाहिजे. रेघेपासून तो हटला, तर स्कोप तिरका बसला आहे. नंतर परत खाली येऊन तिसरा ग्रुप पहिल्यावरच पडतो का, तेही पाहावे.

या कसोटीवर श्मिट अँड बेंडरचा पीएम टू, काहलेसचा के ५२५ आय आणि नाइटफोर्सचा अॅटाकर, हे ५ ते २५ पटींचे तिन्ही नमुने जगभर नावाजलेले आहेत. माझी निवड काहलेस किंवा श्मिट अँड बेंडर अशी राहील. रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये असावे, म्हणजे पटींबरोबर रेटिकलही लहानमोठे होते आणि त्यावरच्या खुणांचे लक्ष्यावरील माप बदलत नाही. केवळ ५० मीटरवर बेंचवरूनच नेम धरायचा असेल, तर काहलेसचा १० ते ५० पटींचा नमुना किंवा जपानच्या मार्चचे त्याहूनही मोठ्या पटींचे स्कोप आहेत. पण आपला सराव तसा एकमार्गी दिसत नाही. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे नऊ-दहा वाजले की जमीन तापते आणि मिराज, म्हणजे शब्दशः मृगजळ, उसळू लागते. त्या वेळी २५ पटीत लक्ष्य उकळत्या पाण्यात असल्यासारखे दिसते. १२ ते १५ पटींवर उतरल्यास ग्रुप सुधारतो. पन्नास पटींचे पैसे त्या उन्हात उपयोगी पडत नाहीत.

मेहुण्यांचे काम याच्या अगदी उलट आहे. जर्मनीत रात्रीच्या शिकारीवरील बंदीतून रानडुक्कर वगळलेले आहे, त्यामुळे ते मचाणावर संधिप्रकाशात आणि चांदण्यात बसणार. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ५६ ला ८ ने भागून ७ मिलिमीटर, आणि तरुण माणसाची बाहुली अंधारात साधारण तितकीच विस्फारते. म्हणूनच ८×५६ हा स्कोप तिकडे पिढ्यान्‌पिढ्या मानाचा राहिला आहे. तेच भिंग २५ पटीवर सव्वादोन मिलिमीटरचा झोत देते. अंधारात त्याचा काही उपयोग नाही. वयानुसार बाहुली कमी उघडते, तेव्हा पन्नाशीच्या माणसाला ५६ चा पूर्ण लाभ मिळत नाही, हेही त्यांना सांगावे. पहिल्या प्लेनचे रेटिकल कमी पटींवर केसासारखे बारीक होऊन काळ्या जनावरावर दिसेनासे होते. त्यांना दुसऱ्या प्लेनमधले, म्हणजे पट बदलले तरी जाडी न बदलणारे, मध्यभागी प्रकाशणारा बारीक ठिपका असलेले रेटिकल हवे.

काचेचा खरा कस तिथे लागतो. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात. येनाच्या झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली परावर्तनरोधक लेपाचे पेटंट घेतले, त्यानंतरच हे नुकसान आटोक्यात आले. आज श्मिट अँड बेंडरच्या पोलार टी ९६ च्या नावातच ९६ टक्के प्रकाश पार होत असल्याचा दावा आहे. स्वारोव्स्कीचा झेड एट आय २.३ ते १८ पटींचा आणि झाइसचा व्ही एट २.८ ते २० पटींचा, दोन्ही ५६ भिंगांचे, हेही त्यांनी पाहावेत. हे स्कोप पाऊण किलोच्या आसपास भरतात. पीएम टू एक किलोच्या वर जातो, आणि डोंगर चढून मचाण गाठणाऱ्याला तो फरक खांद्यावर कळतो. दुकानाच्या दिव्यांत सगळेच स्कोप लख्ख दिसतात, तेव्हा त्यांनी सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बाहेर उभे राहून, दोन्ही स्कोप ८ पटींवर ठेवून, झाडाखालच्या सावलीतल्या फांद्या मोजाव्यात.

माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंगांवर, काटकसर करू नये. मी एकदा महिनाभर स्कोपला दोष देत होतो आणि अखेर पुढच्या रिंगचा स्क्रू सैल निघाला. तो मीच अंदाजाने आवळला होता. त्यानंतर टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, घेतला. रिंगच्या स्क्रूंना साधारण दोन न्यूटन मीटर पुरतात, पण माउंट बनवणाऱ्याने दिलेला आकडाच अंतिम मानावा. आपल्या .२२ वर ११ मिलिमीटरची खाच असेल, तर त्यासाठीच बनवलेले माउंट घ्यावे. स्कोप परदेशातून मागवण्याचे किंवा मेहुण्यांनी येताना आणण्याचे ठरल्यास, आधी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे आणि सीमाशुल्क कार्यालयात लेखी चौकशी करावी. पैसे त्यानंतर भरावेत.

शेवटची बाब पावसाळ्याची. चांगल्या स्कोपमध्ये नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे आतून धुके धरत नाही. बाहेरच्या भिंगांवर मात्र बुरशी येऊ शकते. चामड्याच्या पेटीत चार महिने बंद ठेवलेल्या माझ्या एका स्कोपच्या भिंगावर दसऱ्याला कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटलेली होती आणि ती लेपासकट गेली. आता मी स्कोप हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो, जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करतो, आणि दर पंधरा दिवसांनी स्कोप बाहेर काढून उजेडात पाहतो.