कावळ्यांचं चित्र शेवटचं नव्हे

प्रश्न : ‘लस्ट फॉर लाइफ’ (1956) हा सिनेमा पाहिला. त्यात चित्रकार व्हॅन गॉग गव्हाच्या शेतावरचे कावळे बेभान होऊन रंगवतो आणि लगेच स्वतःवर गोळी झाडतो. असंच घडलं का? त्याच्यासारखे जाड रंगाचे थर मीही देऊन पाहतोय.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ते चित्र जुलै 1890 च्या पूर्वार्धातलं. गोळी 27 जुलैला झाडली, मृत्यू 29 ला. शेवटचं चित्र बहुधा झाडाच्या मुळांचं, तेही अर्धवट. बेभानपणा पडद्यावर शोभतो; आजार बळावला की मात्र काम बहुधा थांबायचंच. फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याने रंग खाल्ले, तेव्हा काही काळ रंगच काढून घेतले होते. एरवी कुठला रंग, किती नळ्या, किती मीटर कॅनव्हास, सगळा हिशेब भाऊ थिओला पत्रातून जायचा. हे सिनेमावाल्यांना कंटाळवाणं वाटत असावं.

जाड थर पावसाळ्यात नकोच. तैलरंग हवेतल्या प्राणवायूने सुकतो. वर साय धरते, आत ओलं राहतं, मग सुरकुत्या पडतात. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त ठेवा. उलट केलंत तर तडे जातील. कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवू नका, मागून बुरशी येते.