सोनोग्राफीत उजव्या ओव्हरीजवळ गाठ दिसली, ती अपेंडिक्सची असू शकते का?

हो, असू शकते, आणि ही गल्लत खरंच होते कारण अपेंडिक्सचं टोक बऱ्याच जणींत खाली ओव्हरीपाशीच लोंबत असतं. आधी बघायचं की उजवी ओव्हरी गाठीपासून वेगळी, नॉर्मल दिसतेय का. दिसत असेल आणि गाठ लांबट नळीसारखी, आत कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर, तर अपेंडिक्सच्या म्युकोसीलचा, म्हणजे आत म्युकस (शेंबडासारखा चिकट द्रव) साचून अपेंडिक्स फुगल्याचा, संशय घ्यायचा, मग सीटी स्कॅनमध्ये ती सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला जोडलेली आहे का ते कळतं. नुसत्या सीए-१२५ वर (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) जाऊ नका, ते एंडोमेट्रिओसिसमध्येही, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारातही, वाढतं, सोबत सीईए ही दुसरी रक्ततपासणी करा. आणि प्लीज, सुई घालून पाणी काढायची घाई नको, म्युकोसील फुटला तर चिकट म्युकस पोटभर पसरू शकतो, म्हणून ऑपरेशनआधी सर्जनलाही रिपोर्ट दाखवाच.