सभेत सगळ्या गप्प का?

प्रश्न : मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा गटप्रवर्तक आहे. गटात वीसेक आशाताई आहेत. आमचे अहवाल वेळेवर जातात, तालुक्याच्या बैठकीत कौतुक होतं. पण मासिक सभेत "काही अडचण?" विचारलं की सगळ्या गप्प. मागच्या महिन्यात जेमतेम दोन किलोच्या एका बाळाची गोष्ट आशाताईने सिस्टरना सांगितली, बाळाला मदतही मिळाली; मला मात्र ती सिस्टरकडून कळली, आशाताईकडून नाही. गट सांभाळण्यात मी कमी पडतेय का, हे कसं ओळखू?
— एक गटप्रवर्तक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, अहवाल वेळेवर जाणं सोपं नाही, त्याचं श्रेय तुमचंच. पण गट कसा चाललाय, हे त्यावरून कळत नाही. एलएचव्ही (आरोग्य सहायिका) म्हणून काम करताना मी एकच बघायचे, वाईट बातमी आधी कोणाकडे जाते. तुमच्याकडे ती फिरून आली.

गृहभेटींचे फॉर्म शेजारी शेजारी मांडून वाचा. दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाने घरी जायचं असतं. एखादीच्या प्रत्येक बाळाचे श्वास मिनिटाला ४०च असतील आणि एकही भेट चुकलेली नसेल, तर ते फॉर्म बहुधा घरी बसून भरलेत. खरे मोजले की श्वास कधी ३८ भरतात, कधी ५२. शिवाय आपल्याकडे लेकी बाळंतपणाला माहेरी जातात आणि सव्वा महिन्याने सासरी परततात. मधल्या भेटी माहेरच्या आशाने केल्या की कोणीच नाही? फॉर्मवर कुठेतरी कोरी जागा दिसायलाच हवी.

ती दाखवायला त्या का कचरतात, तेही बघा. भेटी पूर्ण झाल्या तरच २५० रुपये मिळतात आणि पडताळणी तुमच्याकडे. त्यात सगळ्यांसमोर बोलणी बसली, तर पुढच्या वेळी ती खरं कशाला सांगेल? गेल्या खेपेला कोणी "ताई, भेट राहिली" म्हणाली, तेव्हा तुमच्या तोंडून आधी काय निघालं ते आठवा. "का राहिली?" विचारलं की सबब मिळते. "बाळ आता कुठे आहे?" विचारलं की पत्ता मिळतो.

एकेकीबरोबर गृहभेटीला जा. फॉर्म तिच्याच हातात राहू द्या, बोलू तिलाच द्या. वजनकाट्याला झोळी अडकवून काटा शून्यावर आणते का, बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजते का, ते बघा. श्वास ६० किंवा त्याहून जास्त भरले आणि पुन्हा मोजूनही तेवढेच आले, तर बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. तिथे मात्र गप्प बसू नका. बारीकसारीक चुकलं तर बाळंतिणीसमोर टोकू नका. ती त्या गावची सून असते, पुढच्या भेटीला तिला त्याच उंबऱ्यावर जायचंय. परतीच्या वाटेवर सांगा. त्याच वाटेवर ती आपणहून बोलेल : मोबदला थकलाय, सर्वेक्षणाचं आणखी एक काम अंगावर आलंय, रात्रीच्या फोनवरून घरात कुरबुर आहे. तुमच्या हातात असेल ते लगेच करा. नसेल ते नाही म्हणून स्पष्ट सांगा, नुसतं "बघू" म्हणू नका.

सिस्टरना कळवणाऱ्या त्या आशाताईला जाब विचारू नका. तिने योग्य माणसाला वेळेत सांगितलं, बाळाला मदत मिळाली. हे सभेत सगळ्यांसमोर म्हणा, आणि अशी बातमी मलाही त्याच दिवशी द्या, एवढंच सांगा.

येत्या सभेत "काही अडचण?" हा प्रश्नच विचारू नका. अहवाल गोळा करण्याआधी, कोणाची बाळंतीण माहेरी गेलीय आणि कोणाच्या गावात माहेरी आलीय, एवढीच नावं विचारा. ती यादी संध्याकाळपर्यंत शेजारच्या गटप्रवर्तकाला फोनवर द्या आणि तिची मागून घ्या.