वाचकांचे प्रश्न : शीला कोरोनेल आणि खानापूरचा उतारा

प्रश्न : शीला कोरोनेल या फिलिपिनो प्राध्यापिकेने राष्ट्राध्यक्षाची मालमत्ता कशी उघड केली? तालुक्याच्या पातळीवर तसं जमेल का?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : फिलिपिन्समधल्या हुकूमशहा मार्कोस यांच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत कोरोनेल बातमीदार झाल्या. १९८९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘फिलिपाइन सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम’ काढलं, २००३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २००६ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायला गेल्या.

तुम्ही विचारता ते काम २००० सालचं. फिलिपिन्समध्ये पदाधिकाऱ्यांना दरवर्षी मालमत्तेचं शपथेवरचं विवरण द्यावं लागतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांचं विवरण कोरोनेल आणि सहकाऱ्यांनी कंपनी नोंदणीच्या कागदांशी ताडून पाहिलं. एस्ट्राडा, त्यांची पत्नी, मुलं आणि ‘बाहेरच्या’ संसारांतली माणसं मिळून ६६ कंपन्यांत नावं निघाली. आलिशान बंगले तर भलत्याच कंपन्यांच्या नावावर. महाभियोगाच्या तक्रारीत या बातम्या जोडल्या गेल्या. जानेवारी २००१ मध्ये सत्ता गेली. सगळं श्रेय बातम्यांना देऊ नये. जुगाराच्या हप्त्यांबद्दल एका गव्हर्नरने तोंड उघडलं, तेव्हाच प्रकरण पेटलं.

आता आपल्याकडे. आमदारकीच्या उमेदवाराचं फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळतं. त्यात पती-पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेलेच येतात; कमावत्या मुलाची जमीन येत नाही. म्हणून सर्व्हे नंबर घेऊन ‘भूमी’ या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवरचा आरटीसी उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा) काढा. रकाना ९ मध्ये मालक, ११ मध्ये बोजा. खरेदी झाली पण म्युटेशन (फेरफार नोंद) अडकलं, तर उताऱ्यावर जुनाच मालक दिसतो. त्यामुळे सब-रजिस्ट्रारकडची ईसीही (नोंदणी झालेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला) हवी. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडची शेती कर्नाटकच्या नोंदीत सापडणार नाही. तिथे सातबारा आणि ८अ पाहा. सीमाभागात हाच कोपरा हमखास सुटतो. कंपन्यांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर संचालकांची नावं बघा.

सगळ्यात मोठा धोका नावांचा. एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, त्यात उतारा कन्नडमध्ये. वडिलांचं नाव, सर्व्हे नंबर आणि कंपनी संचालकाचा क्रमांक (डीआयएन), यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस तोच, असं धरू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज कर्नाटकात १५० शब्दांत, एकाच विषयावर हवा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. दोन विषय घातले की अर्ज परत येण्याची शक्यता असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. आणि छापण्यापूर्वी संबंधिताला लेखी प्रश्न पाठवून पोच ठेवा.