आधी शेजारच्या खुर्चीला विचार

तुला हिंजवडीत, आयटीत पहिली नोकरी लागली, खूप आनंद झाला! एक मनापासून सांगते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी हे एआय आलं आणि हळूहळू आमच्या टीममधली बडबड कमी झाली. पूर्वी नवा मुलगा अडला की खुर्ची सरकवत यायचा, "ताई, जरा बघता का?" त्या दहा मिनिटांत कोड तर कळायचाच, तो तसा का लिहिलाय हेही कळायचं. आता तो एआयला विचारतो. पण क्लायंटने मागच्या वर्षी काय नाकारलं, हे एआयला कुठून ठाऊक असणार?

एकदा एआयने लिहिलेला कोडमधला बदल मी आणि टीममधल्या आणखी एकीने तपासला. दोघींनाही वाटलं, दुसरीने नीट पाहिलंय. शुक्रवारी रात्री बिलांवरच्या तारखेत दिवस-महिना उलटे होऊन ०४/०७ च्या जागी ०७/०४ छापून येऊ लागलं. शनिवार त्यातच गेला.

एआय जरूर वापर. फक्त कोड तपासायला देताना त्यातलं एआयचं किती, ते स्पष्ट लिही. एखादी ओळ तुला समजावून सांगता येत नसेल, तर ती पुढे पाठवू नकोस. आणि चारच्या चहाला सगळ्यांबरोबर टपरीवर जात जा. आमच्या सिस्टिमचा निम्मा इतिहास मला तिथेच कळला.