एचआयव्हीच्या गोळीसोबत दुसरी औषधं चालतात का?

सांगलीत एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं) समुपदेशन करताना हा प्रश्न कायम येतो, की मॅडम आमची ही गोळी चालू आहे, त्यावर गुडघ्याची, शुगरची, पित्ताची गोळी घेतली तर काय होईल का? विचारतात ते बरंच आहे, पुष्कळ जण न विचारताच घेतात, आणि काहीजण तर भीतीनं एचआयव्हीचीच गोळी बंद करतात, त्याची मला जास्त काळजी वाटते.

शालन मावशी (नाव बदललंय) तासगाव भागातल्या, द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या. बरीच वर्षं औषधावर, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कायम दबलेला, आणि एकदम रिपोर्ट १००० च्या वर आला. मावशी पार खचल्या. "मॅडम, गोळी लागू पडायची बंद झाली काय? मी एक दिस चुकले न्हाय ओ." असा रिपोर्ट आला की पेशंट खोटंच बोलतोय असं धरून चालणारे लोक असतात, मला ते अजिबात पटत नाही. मी म्हणलं मावशी, घरात जेवढ्या गोळ्या, बाटल्या, चूर्ण असेल ते सगळं पिशवीत घालून घेऊन या.

पिशवीतनं निघालं काय, तर कॅल्शियमची पाकिटं, अर्धी संपलेली ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली, शंखवटीची डबी आणि मेडिकलमधनं आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. कधी घेता विचारलं तर सकाळी बागेत जायच्या आधी, नुसत्या चहावर, सगळं एकदमच, "म्हंजे इसरत न्हाय."

तिथंच घोळ होता. आता बहुतेकांना जी एकच गोळी मिळते, टीएलडी, तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर अशी तीन औषधं असतात. त्यातलं डोल्युटेग्रॅविर पोटात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांना चिकटतं आणि मग रक्तात जातच नाही नीट, म्हणजे मावशी गोळी रोज गिळत होत्या पण अंगाला पुरेशी लागत नव्हती. ॲसिडिटीच्या पातळ औषधात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं, आणि शंखवटीतलं शंखभस्म म्हणजे मुळात कॅल्शियमच की, आयुर्वेदिक आहे म्हणून ते यातनं सुटत नाही.

उपाय साधा निघाला. टीएलडी रात्री ९ ला जेवून, बाकी सगळं दुपारच्या भाकरीबरोबर. नियम असा की टीएलडी ही ॲसिडिटीच्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीलाही तेच, फक्त या दोन भरपेट जेवणासोबत टीएलडीबरोबर घेतल्या तरी चालतात, उपाशीपोटी मात्र नाही. डायक्लोफेनॅक डॉक्टरांनी बंद केली, कारण टेनोफोविरचा आणि रोजच्या पेनकिलरचा दोन्हीचा ताण किडनीवर येतो, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं आणि दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल दिली. तीन महिन्यांनी परत तपासलं तेव्हा व्हायरल लोड दबलेला आला.

एचआयव्हीची गोळी चालू आहे हे गावातल्या डॉक्टरांना आधी का नाही सांगितलं विचारलं तर मावशी म्हणाल्या, "गावातल्या डॉक्टरचा कंपाउंडर आमच्या भावकीतला हाय, कसं सांगू?" हे दुखणं मला माहितीये, यावर मी कुणाला रागवत नाही. एचआयव्हीच्या २०१७ च्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तुम्हाला एचआयव्ही आहे हे कुणी दुसऱ्याला सांगू शकत नाही, तरी गावात धीर होत नसेल तर निदान उलटं करा, त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी मेडिकलला न्यायच्या आधी आमच्याकडं आणा किंवा फोनवर औषधांची नावं वाचून दाखवा.

शुगरवाल्यांनी तर नक्कीच सांगायचं, डोल्युटेग्रॅविरमुळं शुगरची मेटफॉर्मिन रक्तात वाढते, म्हणून तिचा डोस सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्या उलट करतात, आपल्या औषधाचा जोर कमी करतात, पण म्हणून त्या मनानं सोडायच्या नाहीत, फिट आली तर जिवावर बेतेल, डॉक्टर बदलून देतात. टीबीच्या रिफॅम्पिसिनचंही तसंच, म्हणून टीबी झाला की टीएलडी चालू ठेवून १२ तासांच्या अंतरानं डोल्युटेग्रॅविरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी देतात. ती टीबीचा कोर्स संपल्यावरही २ आठवडे घ्यायची असते, तेव्हा टीबीच्या कोर्सच्या शेवटच्या दिवशी टीबीचं आणि या जादा गोळीचं अशी दोन्ही पाकिटं एकदम बाजूला ठेवून देऊ नका.