ग्वाल्हेरला परसातल्या दलदलीच्या वाफ्यात थंडीत टिकणारी कोणती झाडे लावावीत?

तुमचे घर ग्वाल्हेरला, परसात कायम ओला राहणारा वाफा करायचाय, आणि एका अमेरिकी यादीतून थंडीला दाद न देणारी झाडे निवडावीत का, असे तुम्ही विचारले आहे. मी इथेच लष्कर भागात राहतो आणि असा वाफा सांभाळतो. माझे मत स्पष्ट आहे: ती यादी वापरू नका.

अशा याद्या ज्यांवर बेतलेल्या असतात, ते अमेरिकेतले थंडीचे पट्टे हिवाळ्यातल्या सर्वांत कमी तापमानावरून पाडलेले आहेत. उन्हाळ्याचा त्यात विचारच नाही. त्या हिशेबाने ग्वाल्हेर 10व्या पट्ट्यात बसते, आणि दक्षिण फ्लोरिडाचा मोठा भागही त्याच पट्ट्यात येतो. पण तिथे आपल्यासारखी लू वाहत नाही. इथे जानेवारीत काही रात्री पारा 2-3 अंशांवर उतरतो आणि मे-जूनमध्ये 45च्या वर जातो. थंड प्रदेशातली प्रिम्युला किंवा मार्श मॅरिगोल्ड आपला हिवाळा हसत काढतील, मे मात्र काढणार नाहीत. म्हणून ज्यांचा जीव मातीखालच्या कंदात असतो, अशी झाडे निवडा. वरची पाने गारठ्याने गेली किंवा लूने करपली, तरी ती खालून पुन्हा फुटतात.

माझी पहिली पसंती वेखंडाला. ते काश्मीरपासून मणिपूरपर्यंत ओलसर जागी वाढते, त्यामुळे आपली थंडी त्याला काहीच नाही. हिवाळ्यात पाने पिवळी पडून बसतात आणि फाल्गुनात तलवारीसारखे हिरवे कोंब वर येतात. पान चुरगळले की बाळंतिणीच्या खोलीतला तो ओळखीचा वास येतो. मात्र घरचे वेखंड बाळाला उगाळून चाटवू नका. आपल्याकडच्या जातीत बीटा-असारोन हे अपायकारक रसायन भरपूर असते, आणि अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे.

त्यानंतर अळू आणि कर्दळ. जुन्या वाड्यांत न्हाणीच्या पाण्यावर हीच जोडी असायची, आणि तुम्ही करताय तो वाफा त्याहून फार वेगळा नाही. डिसेंबरात अळूची पाने लोळतात. तेव्हा कंद उकरू नका, वरून गवताचा जाड थर द्या. होळीनंतर नवी पाने येतात आणि पावसाळ्यात अळूवड्यांना कमी पडत नाही. कर्दळीची काळवंडलेली पाने लगेच कापू नका, फेब्रुवारी सरेपर्यंत तीच कंदाचे पांघरूण असतात.

खालची जमीन झाकायला ब्राह्मी लावा. नर्सरीत मंडूकपर्णीही ब्राह्मी म्हणून देतात. तुम्ही बारीक, मांसल पानांची आणि पांढरट-जांभळ्या फुलांची मागा. कडेला पुदिना चालेल.

पाणकणीस मात्र नको. त्याची टोकदार मुळे प्लास्टिक फोडून बाहेर जातात. जलपर्णी आणि बेशरम तर परसात आणूच नका, मग ती कितीही फुलोत.

खड्डा दीड फूट खोल पुरे. जाड प्लास्टिक अंथरा आणि काठापासून वीतभर खाली बाजूंना भोके पाडा, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाईल. माती ओलीचिंब हवी, पण वर पाणी साचता कामा नये, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल. जागा पूर्वेची, दुपारी भिंतीची सावली पडेल अशी. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते, म्हणून कडाक्याच्या रात्रींच्या आधी वाफा कोरडा पडू देऊ नका. लागवड पावसाच्या सुरुवातीला करा, थंडीपर्यंत मुळे नीट धरतात.

कीटक खाणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचा मोह होत असेल, तर तो या वाफ्यात नको, वेगळ्या कुंडीत ठेवा. तो मूळचा अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातला. हिवाळ्यातली विश्रांती त्याला लागतेच, त्यामुळे आपली थंडी त्याला मानवते. मरतो तो बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांनी आणि खताने. त्याला पावसाचे साठवलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला, आणि मे महिन्यात कुंडी सावलीत हलवा.